एक्केचाळीस ते अठ्ठावन्न

४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण असं की हे मला लेखी हवं आहे, तारखेसह. तिसरं कारण नाही.

तू जिथे सव्वीस वर्षं काढलीस त्याच खोलीत मी गेली दोन वर्षं बसते. मायक्रोस्कोप नवा आला आहे. स्टूल तुझंच आहे आणि अजूनही डावीकडे कलतं.

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र मी फाइलला लावणार आहे. समुद्राच्या तळातून नळीने गाळाचा लांब दंडगोल काढतात, तो कोअर. खालचा गाळ जुना, वरचा नवा. त्या गाळात वाळूच्या कणाएवढे शंख असतात, फोरॅम नावाच्या एकपेशीय जिवांचे. त्यातल्या एका जातीचा शंख थंड पाण्यात डावीकडे वळत वाढतो आणि कोमट पाण्यात उजवीकडे. प्रत्येक थरातले शंभर मोजायचे. पंच्याण्णव डावे निघाले तर त्या काळी समुद्र गारठलेला होता. उजवे वाढले तर ऊब आली होती. तेव्हा थर्मामीटर घेऊन कोणी उभं नव्हतं, म्हणून ही मोजणी.

आपल्या प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा प्रसिद्ध लेख तुझ्या आकड्यांवर उभा आहे. नमुना ४१ पासून शंख एकदम उजवे होतात आणि ५८ नंतर पुन्हा डावे. साधारण साडेतीन हजार वर्षांची ही ऊब, ऐन हिमयुगात. सरांनी तिला ‘उबदार खिडकी’ म्हटलं आणि ती आता पाठ्यपुस्तकात आहे. माझा कोअर तिथून अकरा किलोमीटरवरचा. माझ्याकडे खिडकी नाही, सलग भिंत आहे. सगळे डावे. मी तीनदा मोजले.

माझे गाइड मोठ्या सरांचे विद्यार्थी. जुनी मोजणी तुझी होती, त्यामुळे ती चुकणं शक्य नाही, म्हणजे मी चुकले, असं ते म्हणतात. १० मार्चला समिती बसणार आहे. तोवर या फरकाचं कारण सापडलं नाही तर माझी दोन वर्षांची मोजणी रद्द होईल आणि नव्या कोअरवर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. नोंदणीची मुदत तेवढी उरलेली नाही. थोडक्यात, पदवी जाईल.

त्या अठरा नमुन्यांचे शंख चिकटवलेल्या स्लाइड कपाटात नाहीत. चाळीस आहे, एकोणसाठ आहे, मधली जागा रिकामी. तर माझे प्रश्न तीन. स्लाइड कुठे आहेत? त्या तूच मोजल्यास का? आणि शंख कोणत्या बाजूने पाहिलेस, टोकाच्या की तोंडाच्या? बाजू बदलली की डावं उजवं दिसतं, म्हणून विचारते. उत्तर तीन ओळींत मावेल.

लोभ आहेच, उत्तरही असावे.

तुझी भाची
मुंगी
(हे नाव तू ठेवलंस, म्हणून तुला लिहितानाच वापरते.)


१२ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उघडलं आणि आधी वाटलं की वीज कंपनीची नोटीस आली. ‘मावशी, कशी आहेस’ एवढे तीन शब्द लिहिले असतेस तर फाइल काही जड झाली नसती. असो. मी बरी आहे. गुडघा आपल्या मर्जीने चालतो, मी त्याच्यामागे.

इथे मोठी भानगड झाली आहे. वरच्या बिऱ्हाडाचा पाइप गळतो आणि पाणी बरोबर माझ्या माळ्यावर उतरतं. प्लंबरने तीनदा उद्याचा वायदा केला. त्याचा उद्या कोणत्या कॅलेंडरात असतो ते तूच संशोधन करून सांग. मी माळ्यावर बादली ठेवली आहे आणि दर दोन तासांनी शिडीवर चढते. या वयात! शेजारीण म्हणाली की सामान खाली काढून ठेवा. पण काही सामान जिथे आहे तिथेच बरं असतं.

तुझ्या प्रश्नांचं म्हणशील, तर अगं, सव्वीस वर्षांत मी लाखांनी दाणे निवडले. आम्ही त्यांना दाणेच म्हणायचो. त्यातला कोणता कुठल्या कुशीवर झोपला होता ते आता कसं आठवणार? ब्रश ओठात ओला करायचा, दाणा उचलायचा, डिंकाच्या पाण्यावर ठेवायचा. दिवस संपला की मान धरलेली असायची. एवढंच आठवतं.

स्टुलाच्या डाव्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी ठेवत असे. तूही ठेव. धाकटीला, म्हणजे तुझ्या आईला, पत्र टाकतेस की नाही? पडद्यांचं मोठं काम आलंय म्हणे तिच्याकडे, मशीनवरून उठत नाही.

वेळेवर जेव. लोभ वाढव, चष्म्याचा नंबर वाढवू नकोस.

तुझी
मावशी


१७ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कशी आहेस? (तीन शब्द मागितले होतेस, हे दोन, तिसरा ‘मावशी’ वर आहे.)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पाइपबद्दल नऊ ओळी आहेत, प्लंबरच्या चारित्र्याबद्दल दोन आणि माझ्या प्रश्नांबद्दल एकही नाही. न आठवणं हे उत्तर मी मान्य केलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात तू मला नमुना १२ मध्ये सापडलेला तुटका शंख कोणत्या मंगळवारी सापडला ते सांगितलं होतंस. मी तेव्हा नोंदवहीत तपासलं. मंगळवारच होता.

काल गाइडसरांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत, आणि तेच जास्त त्रासदायक. सगळ्यांचेच डोळे कधीतरी थकतात, म्हणाले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला माझे दहा नमुने परत मोजायला दिले आहेत. तो हातात चहाचा कप घेऊन मोजतो. त्याने पहिला नमुना मोजला, सत्त्याण्णव डावे. माझे शहाण्णव होते. एका शंखाचा फरक आला म्हणून सर म्हणाले, बघ, मोजणीत फरक पडतो. मी खोलीत परत आले आणि पेन्सिलींना टोक केलं. सगळ्या पेन्सिलींना.

मावशी, मी तुझ्यावर कसलाही आरोप करत नाही. मला कारण हवं आहे. चुकलं असेल तर चुकलं. चूक सापडली की ती दुरुस्त करता येते, तू ताकास तूर लागू दिली नाहीस तर काहीच करता येत नाही. बावन्न दिवस उरले आहेत. प्रश्न तेच तीन. परत लिहीत नाही, मागचं पत्र काढून बघ.

पुठ्ठ्याची घडी ठेवली. स्टूल आता उजवीकडे कलतं.

लोभ असू दे, वायदा नको.

मुंगी


२६ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला धार फार. पेन्सिलींचं टोक कागदावर उतरतं.

प्लंबर आला होता. त्याने छताकडे बघितलं, चुकचुकला आणि गेला. बघायला आला होता म्हणे, करायला नंतर येईल. तुमच्याकडे गाइड म्हणतात तो याहून वेगळा असतो का? पाणी आता माळ्याच्या मागच्या भिंतीला लागलंय. मला झोप लागत नाही.

स्लाइडचं म्हणशील तर प्रयोगशाळा एकदा वरच्या मजल्यावरून खाली हलवली. कपाटं हमालांनी नेली, कपाटांना तोल नसतो आणि हमालांना वेळ नसतो. तेव्हा पडल्या असतील. सोड ना आता ते. मोठ्या सरांचं वय झालं, लेखाचं वय झालं. तू आपल्या कोअरबद्दल लिही की इकडे असं निघालं, तिकडे तसं होतं, समुद्र मोठा आहे. अकरा किलोमीटर म्हणजे काही कमी नाही; मला तर भाजीबाजारही लांब वाटतो.

आणि एक. धाकटीला यातलं काही विचारू नकोस. तिला उगाच ताप. तिचं ब्लड प्रेशर तुला माहीत आहे.

मफलर विणून पाठवते आहे. राखाडी आहे, तुझ्या स्वभावाला शोभेल. लोभ असावा आणि थोडी दयाही.

मावशी


१ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मफलर मिळाला. उबदार आहे. आभारी आहे.

आईला काही विचारू नकोस, असं तू लिहिलंस. मी आईचं नाव काढलंच नव्हतं. दोन पत्रांत कुठेही नाही, नकला माझ्याजवळ आहेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुठेतरी पाणी मुरतं आहे, आणि ते फक्त तुझ्या माळ्यावर नाही.

शनिवारी मी जुन्या कपाटाचे सगळे खण बाहेर काढले. तिसऱ्या खणाच्या मागे, फळी आणि पत्र्याच्या फटीत, एक स्लाइड अडकलेली होती. क्रमांक ४७. काच शाबूत, पुठ्ठा पिवळा. काळ्या खळग्यात शंभर शंख, दहाच्या दहा ओळी, डिंक अजून धरून आहे. सगळे शंख तोंडाची बाजू वर करून ठेवलेले. सगळे. आपल्याकडे टोकाची बाजू वर ठेवतात. तुझ्या पहिल्या चाळीस स्लाइड मी गेल्या महिन्यात तपासल्या. एकही शंख पालथा नाही. तोंडाकडून पाहिलं तर ४७ मध्ये शहाण्णव उजवे दिसतात. मी एकेक ओला करून उलटला. शहाण्णव डावे.

म्हणजे खिडकी नाही. समुद्र तेव्हाही गारच होता.

आता दुसरी गोष्ट. प्रत्येक ओळीतला दहावा शंख ओळीच्या जरा खाली ठेवलेला आहे, केसभर. तू असं कधी केलं नाहीस. पण मी लहानपणापासून हे बघितलं आहे. आई कापडाच्या काठाला टाचण्या लावते तेव्हा दहावी टाचणी ओळीच्या जरा खाली लावते, म्हणजे पुन्हा मोजायला नको. दुसरं कोणी असं करताना मी पाहिलेलं नाही.

मी रागावलेली नाही. मी फक्त नोंद करते आहे की तू मला चार आठवडे प्लंबरच्या गोष्टी सांगितल्यास.

एका स्लाइडवर समिती ऐकणार नाही. मला उरलेल्या सतरा हव्यात. त्या हमालांनी पाडल्या नाहीत, हे आपल्या दोघींना माहीत आहे.

लोभ आहे. संयम संपत आला आहे.

मुंगी


८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुला मुंगी म्हणाले तेव्हा तू दीड वर्षाची होतीस आणि जमिनीवर सांडलेली साखर एकेक दाणा उचलून परत बरणीत टाकत होतीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही एक दिवस माझ्या बरणीपर्यंत येणार.

बरणी नाही, बिस्किटांचा डबा. माळ्यावर होता, बरोबर त्या भिंतीपाशी. आता कळलं मी रात्रंदिवस शिडी का चढत होते? डिंक पाण्यात विरघळतो, आणि डबा खाली काढायला कोणाला बोलवावं तर उघडून बघतील ही भीती. काल मी स्वतः काढला. सतरा स्लाइड आहेत. चारांमधले दाणे सुटलेत, पण खळग्याबाहेर गेलेले नाहीत. सत्तेचाळीसवी हरवली म्हणून सत्तावीस वर्षं माझ्या जिवाला घोर होता, ती तुझ्या कपाटामागे हसत बसली होती.

आता ऐक. तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. त्या वर्षी कायम व्हायचं होतं, आणि मध्ये एक दिवस जरी खंड पडला तर यादीतून नाव गेलं असतं. नेमका त्याच वेळी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चार महिने मायक्रोस्कोपला डोळा लावायची बंदी केली. मी कोणाला सांगितलं नाही. गाळ चाळणीतून धुणं, वाळवणं, हे एका डोळ्याने होतं. ते मी करत राहिले, आणि मोजायला धाकटीला बसवलं. मदतीला येते, असं दारावरच्या माणसाला सांगितलं. तिचा हात सुईवर बसलेला, नजर तीक्ष्ण. मी शेजारी बसून सांगायची की हे डावं वळण, हे उजवं वळण. कोणत्या बाजूने बघायचं ते सांगितलं नाही. का, तर आम्हा सगळ्यांना इतकी सवय होती की दुसरी बाजू असते हेच डोक्यात यायचं नाही. आणि ती शिवणारी. कापडावर खुणा करायच्या त्या उलट बाजूने, हे तिच्या हातात मुरलेलं. तिने दाणे पालथे घातले आणि माझ्या शब्दाप्रमाणे बिनचूक मोजले. मोठे सर आठवड्यातून एकदा यायचे. ते माणसांकडे बघत नसत, आकड्यांकडे बघत. आकडे बघून ते जागेवरून उठून उभे राहिले होते, मुंगी. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

लेख छापून आल्यावर महिन्याभराने मी त्या स्लाइड सहज उघडल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. जेवणाच्या सुट्टीत बसून सगळ्या परत मोजल्या. वही डब्यातच आहे. बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, हे पहिलं वर्षभर खरं कारण होतं; कायम करायची यादी तोवर लांबलीच होती. नंतर मी पक्की झाले, आणि कारण बदललं. धाकटीने त्या लेखाची प्रत मशीनच्या खणात जपून ठेवली आहे. त्यात तिचं नाव नाही, माझंही नाही, पण शिकायला मिळालं नाही त्या बाईला एवढं माहीत आहे की तिने मोजलेला समुद्र पुस्तकात आहे. तिला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून एक मागते. डबा वापर, वही वापर, पण मोजणी माझीच होती आणि मीच चुकले, असं लिही. माझं आता कोणी काय वाकडं करणार?

आणि त्या चार महिन्यांत तूही रोज हजर होतीस, फक्त आईच्या पोटात. तेव्हा चुकीत थोडा वाटा तुझाही धर.

डबा पार्सलने पाठवला आहे. लोभ असावा, असं हक्काने म्हणायचा धीर आज नाही.

मावशी


१३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीकडून डबा मिळाला. सोबत तिचं पत्र जोडते, म्हणजे मला पुन्हा सगळं लिहायला नको. ते तुला दाखवू नये असं तिचं म्हणणं होतं. मी तिला कळवलं आहे की दाखवते आहे.

मावशीने मागितलं ते मी करू शकत नाही. मोजणी तिची नव्हती. जे झालं नाही ते लिहून मी चूक दुरुस्त करू शकत नाही, आणि स्लाइड पाहिल्या तर कोणालाही दोन हात दिसतील. मला तुझ्याकडून तारीख घातलेला एक कागद हवा आहे: तू काय केलंस, कोणी काय सांगितलं, आठवेल तेवढं. नाव छापलेलं नको असेल तर तसं लिही. मी ‘एक साहाय्यक’ म्हणेन, ते खोटं होणार नाही.

मोजणी नीट होती, आई. सत्तेचाळीस धरून अठराही स्लाइड तपासल्या. अठराशे शंखांत तुझा एकही वळणाचा गोंधळ नाही. फक्त बाजू.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हा पाचवा मसुदा. ब्लड प्रेशर तपासून घे, वाचण्याआधी आणि नंतर.

लोभ असावा.

तुझी मुलगी


१८ फेब्रुवारी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

ब्लड प्रेशर तपासलं. वाचण्याआधी एकशे तीस, नंतर एकशे पंचेचाळीस. पंधरा वाढलं ते चुकीमुळे नाही, तुम्हा दोघींमुळे. एक सत्तावीस वर्षं डबा लपवून शिडी चढते, दुसरी पाच मसुदे करते. मी काय काचेची आहे? रोज चार किलोची इस्त्री उचलते मी.

आता कागद मागितलास तर खरं ते लिहिते. पहिल्याच दिवशी मी ताईला विचारलं होतं की हे उलट बाजूने बघायचं की सुलट. स्वच्छ आठवतं. कारण दुकानात पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारतात, नाहीतर आख्खा कोट उलटा शिवला जातो. ताईच्या डोळ्यावर पट्टी होती आणि तोंडात औषधाची कडवट चव. ती म्हणाली, डोकं खाऊ नकोस, वळण बघ. मी वळण बघितलं. बाजू मग मी माझी धरली. आता ही बाई लिहिते की सांगायचं राहिलं! राहिलं नव्हतं. मी विचारलं होतं. हे तुझ्या फाइलला लाव, वरती लाव.

आणि वाईट वाटलं का, तर हो, वाटलं. दिवसभर वाटलं. खणातली प्रत काढून बघितली. मग जो पडदा हातात होता त्याचा काठ चुकला तो उसवला आणि परत घातला. माझ्या धंद्यात उसवणं रोजचं आहे, त्यात कोणी मरत नाही. न उसवता गिऱ्हाइकाला दिलं तर मात्र लाज वाटते. सत्तावीस वर्षं ते गिऱ्हाइकाकडे होतं, हे मला सांगितलं असतं तर मी तेव्हाच उसवायला आले असते.

नाव छाप. पूर्ण छाप, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. ‘एक साहाय्यक’ कोण? मी त्या बाईला ओळखत नाही. चुकीसाठी का होईना, नाव येऊ दे. आणि शेजारच्या रद्दीवाल्यालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात आलं तर बरं.

त्या दिवसांत मला मळमळायचं, तू तुझा पराक्रम दाखवत होतीस. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मळमळ थांबायची. काळ्या खळग्यात ते पांढरे दाणे इतके नीटनेटके दिसायचे की मला वाटायचं, हे कोणी शिवलेत? त्याबद्दल कागदात लिहू नको.

पंधरा प्रती पाठव. जेवतेस ना? लोभ आहे, आणि तो मी मोजून ठेवलेला नाही.

तुझी आई


१४ मार्च

ती. आईस आणि ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोघींना एकच पत्र, दोन प्रतींत. वेगवेगळं लिहिलं तर तुम्ही ती शेजारी ठेवून ताडून बघाल.

दहा तारखेला समिती झाली. अठरा स्लाइड, वही, तुमचे दोन कागद आणि माझी चौथी मोजणी मी टेबलावर ठेवली. गाइडसर बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत होते. मग ते म्हणाले की सगळ्यांचेच डोळे कधीतरी थकतात. या वेळी ते स्वतःबद्दल म्हणाले असं मी धरून चालले आहे. माझी मोजणी मान्य झाली. नोंदणी राहिली. खिडकी मिटवल्याची दुरुस्ती मासिकात छापली जाईल. तिचा मसुदा माझा आहे.

समितीने मोठ्या सरांना फोन लावला होता. ते आता फारसे बोलत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्या खोलीत दोघी बसत होत्या का. मग म्हणाले, मला वाटायचं एकच आहे.

दुरुस्तीत तुमची नावं आहेत. मावशी, तुझं एक ते चाळीस आणि एकोणसाठपासून पुढे, आणि दुसऱ्यांदा केलेली मोजणी, वहीच्या तारखांसह. सव्वीस वर्षांत तुझं नाव प्रयोगशाळेच्या एकाही लेखात छापलेलं नाही, हे मी आधी तपासलं नव्हतं. ते मी तपासायला हवं होतं. आई, तुझं एक्केचाळीस ते अठ्ठावन्न, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. अक्षरांचा आकार मासिक ठरवतं. तू विचारलं होतंस, हे वाक्य संपादकांनी काढलं. प्रबंधात मी तळटीप घातली आहे: मोजणी करणारीने बाजूबद्दल विचारणा केली होती, उत्तर मिळाले नाही. मावशी, यावर मला पत्र लिहू नकोस. आईच्या कागदावर तूही सही केली आहेस.

एक गोष्ट समितीत सांगितली नाही, कारण ती आकड्यांना लागत नाही. अठ्ठावन्नावी स्लाइड. मोठ्या सरांच्या लेखात तिच्यावर दीड पान आहे. तिथे चाळीस टक्के डावे, साठ टक्के उजवे निघाले होते. त्यावरून त्यांनी मांडलं की समुद्र एकदम गारठला नाही. ऊब आणि थंडी यांच्यामध्ये तो क्षणभर थबकला, दोनेकशे वर्षं. ते दीड पान मला पाठ होतं. प्रवेशपरीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिलं होतं.

मी ती स्लाइड उघडली. वरच्या सहा ओळी तोंड वर, दहावा शंख जरा खाली. खालच्या चार ओळी टोक वर, दहावा शंख सरळ. नोंदवहीत तारीख आहे. मंगळवार. डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. समुद्र थबकला नव्हता. तुम्ही दोघींनी जागा बदलली होती. आणि मावशी, तू त्या सहा ओळींच्या खाली बसून चार ओळी लावल्यास आणि वर एकदाही पाहिलं नाहीस. हे लिहिताना मला अजूनही पेन्सिलींना टोक करावंसं वाटतं.

बाकी सतरा स्लाइडमधले शंख मी उलटून नीट लावले. अठ्ठावन्न तशीच ठेवली आहे. कपाटात तिच्या जागी, सत्तावन्न आणि एकोणसाठच्या मध्ये. यादीत कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: बदल करू नये.

आईला दहा प्रती पाठवते. पंधरा मिळत नाहीत. मावशीला दहा.

कोणत्याही बाजूने पाहिला तरी लोभ तसाच असावा.

तुमची

ता. क. मावशी, प्लंबर आला का?